बुटांवर मारायचा वॉटरप्रूफ स्प्रे श्वासात गेला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला, एक-दोन वळीव पडून गेले, की आमच्या ट्रेकवाल्या मंडळींचे बूट आणि सॅक माळ्यावरून खाली येतात. त्याबरोबर स्प्रेचे कॅनही येतात. मी डॉक्टर नाही. पण सहा वर्षांपूर्वी या कॅनने मला एक रात्र जागवली. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडावर लोक मलाच विचारतात. तीच ती उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

वॉटरप्रूफिंग म्हणजे गच्चीचं का?

आपल्याकडे हा शब्द ऐकला की आधी गळकं छत डोळ्यासमोर येतं, हे खरं. इथे मात्र विषय वेगळा आहे. बूट, सॅक, जाकीट, तंबू, छत्री, सोफ्याचं कापड, कातडी पर्स यांवर पाणी ठरू नये म्हणून फवारायचा जो छोटा कॅन मिळतो, त्याबद्दल हे लिहितोय. फरशी, दगड, काच, बाथरूमच्या टाइल्स यांवर मारायचे ‘सीलर’ स्प्रेही याच कुळातले. गच्चीवर ब्रशने किंवा रोलरने जे जाड कोटिंग लावतात, त्याचे त्रास वेगळे. कारागिरांचा प्रश्न पुढे घेतलाय.

कॅनमध्ये असतं तरी काय?

तीन गोष्टी. पहिली, पाणी झटकणारा पदार्थ: बहुतेकदा फ्लोरिनयुक्त पॉलिमर, काहींत सिलिकॉन किंवा मेण. हा अगदी थोडा असतो. दुसरी, त्याला विरघळवून ठेवणारं द्रावक: हेप्टेन, आयसोऑक्टेन, ब्युटाइल ॲसिटेट अशा जातीचं, पेट्रोलच्या भावकीतलं. तिसरी, हे सगळं जोरात बाहेर फेकणारा वायू, म्हणजे ब्युटेन, प्रोपेन किंवा डायमिथाइल इथर. तुमच्या शेगडीच्या सिलिंडरमध्ये तरी दुसरं काय असतं? हे लक्षात ठेवा, गीझरच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

नाकाला जो उग्र दर्प येतो तो द्रावकाचा. त्याने डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. मोकळ्या हवेत गेलं की बहुधा ओसरतं. लोक घाबरतात ते या वासाला, आणि नेमकी तिथेच गल्लत होते.

मग खरा धोका कशाचा?

ज्याला वास नाही त्याचा, म्हणजे पाणी झटकणाऱ्या त्या पदार्थाचा.

आपल्या फुप्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. इवलाले फुगे, आतून ओले. सगळे उलगडून पसरले तर जवळपास बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा व्यापतील. ओल्या पृष्ठभागाला आक्रसायची सवय असते. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीची तोंडं एकमेकांना कशी चिकटतात, तसे हे फुगे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर चिकटून मिटायला हवेत. ते मिटत नाहीत, कारण त्यांच्या आत सर्फॅक्टंट नावाचा एक पातळ, स्निग्ध थर असतो. तो पाण्याचा ताण कमी करतो आणि फुगा उघडा ठेवतो. दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांमध्ये हा थर पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणून त्यांना श्वास घेणं जड जातं आणि डॉक्टर बाहेरून सर्फॅक्टंट देतात.

आता विचार करा. बुटावर पसरून पाण्याशी वैर धरणारा पदार्थ बारीक कणांच्या रूपाने थेट त्या थरावर जाऊन बसला, तर काय होईल? तो थर बिघडतो, वायुकोश मिटायला लागतात, रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो आणि फुप्फुसात सूज येते. कोपनहेगनच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन केंद्रात उंदरांवर आणि काचपात्रातल्या सर्फॅक्टंटवर केलेल्या प्रयोगांतून हीच यंत्रणा पुढे आली आहे. हे नेहमीच्या अर्थाने विष नाही. बुटावर ते जे काम करतं, तेच छातीत करतं.

थेंब लहान की मोठा, याने एवढा फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १०० मायक्रोमीटरचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाचेक सेकंदांत जमिनीवर येतो. श्वासात गेलाच तर नाकाघशात अडकतो. १० मायक्रोमीटरच्या थेंबाला, हवा स्थिर असेल तर, आठेक मिनिटं लागतात. २ मायक्रोमीटरचा कण तीन तासांहून जास्त वेळ तरंगत राहतो. फुप्फुसाच्या तळाशी पोचतात ते असे, १० पेक्षा कमी मायक्रोमीटरचे.

त्यात एक छुपी गंमत आहे, गंमत कसली म्हणा. थेंब हवेत असतानाच त्यातलं द्रावक उडून जातं. समजा थेंबात फक्त दोन टक्के पॉलिमर आहे, तर ३० मायक्रोमीटरचा थेंब सुकून ८ मायक्रोमीटरचा होतो. म्हणजे नळीतून निघताना निरुपद्रवी असलेला थेंब तुमच्या नाकाशी येईपर्यंत आत शिरण्याजोगा झालेला असतो. द्रावक जितकं लवकर उडणारं, तितकं हे लवकर घडतं.

हातपंपाची बाटली, म्हणजे काच पुसायच्या बाटलीसारखी, जाडे थेंब टाकते. वायूच्या दाबाचा कॅन धुकं करतो. द्रव एकाच जातीचा असला, तरी दोन्हींचा धोका सारखा नाही.

तुम्हाला काय झालं होतं?

जूनमधली संध्याकाळ, बाहेर पाऊस. दोन जोड बूट, एक सॅक आणि बायकोचं जाकीट एवढं सगळं मी बाथरूममध्ये उरकलं. का, तर हॉलमध्ये वास नको. दार लावलेलं, वरची झडप पावसाचं पाणी येतं म्हणून बंद. अर्ध्याहून जास्त कॅन संपवला. कॅनवर ‘हवेशीर जागेत वापरा’ असं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

वीस मिनिटांनी कोरडा खोकला सुरू झाला. तासाभराने छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं वाटायला लागलं. खोल श्वास घ्यायला गेलं की खोकल्याची उबळ, म्हणून मी उथळ श्वास घेत बसलो. दहाच्या सुमारास हुडहुडी भरली, ताप १०१. आई म्हणाली, भिजून आला असशील. मी दिवसभर घराबाहेरही पडलो नव्हतो. रात्री एकला दवाखान्यात बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजनचा आकडा ८९. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी न्यूमोनिया, मलेरिया असं सगळं मनात धरून तपासलं आणि मग सहज विचारलं, “आज घरी काही फवारलंत का? रंग, झुरळांचं औषध वगैरे?” तोवर मला स्वतःला बुटांची आठवणसुद्धा झाली नव्हती.

ऑक्सिजनवर एक रात्र आणि देखरेखीखाली एक दिवस. तिसऱ्या दिवशी घरी. जिना चढताना दम लागणं मात्र पुढे दोन आठवडे चाललं. बूट अजून आहेत. पाणी अगदी छान झटकतात.

हे तुमच्यापुरतंच, की इतरत्रही घडलंय?

भरपूर घडलंय, आणि बहुतेक वेळा झुंडीने.

डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात कातडी कपड्यांवर मारायचा एक स्प्रे वापरून एकामागून एक लोक खोकत, धापा टाकत दवाखान्यात आले. नाताळच्या आसपासचे दिवस, थंडी, घरं बंद. तो माल बाजारातून परत घ्यावा लागला.

स्वित्झर्लंडमध्ये ऑक्टोबर २००२ ते मार्च २००३ या सहा महिन्यांत तिथल्या विषबाधा माहिती केंद्राकडे १८० प्रकरणं आली. एरवी वर्षाला दहासुद्धा येत नसत. त्या सुमारास काही स्प्रेंमधले घटक बदलले गेले होते. ‘मी वर्षानुवर्षं हाच ब्रँड वापरतोय, कधी काही झालं नाही’ असं सांगणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. कॅनवरचं नाव जुनं राहतं, आतला माल बदलतो.

सगळ्यात गाजलं ते जर्मनीतलं. मार्च २००६ च्या अखेरीस ‘मॅजिक नॅनो’ नावाचा काच आणि बाथरूमच्या सिरॅमिकवर मारायचा स्प्रे बाजारात आला, आणि काही दिवसांत शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला. काहींच्या फुप्फुसात पाणी झालं. कंपनीने माल लगेच मागे घेतला. जगभर बोंब झाली की नॅनो तंत्रज्ञानाने माणसं आजारी पडली. तपासणी झाल्यावर कळलं, त्यात नॅनोकण नव्हतेच. नाव फक्त जाहिरातीपुरतं. विशेष म्हणजे हातपंपाच्या बाटलीतल्या प्रकाराबद्दल अशा तक्रारी नव्हत्या. घोळ दाबाच्या कॅनमध्ये होता.

लक्षणं कधी आणि कशी दिसतात?

बऱ्याचदा काही मिनिटांत, पण कधीकधी काही तासांनी. ही उशिराची वेळच फसवते. संध्याकाळी फवारलं, जेवण झालं, झोपायला गेलं आणि मग सुरू. कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी, धाप, ताप, हुडहुडी, डोकेदुखी, मळमळ. फ्लूसारखंच सगळं, फक्त नाक गळत नाही.

बहुतेक लोक एक ते तीन दिवसांत सुधारतात. काहींना ऑक्सिजन, क्वचित अतिदक्षता विभाग लागतो. मृत्यूही नोंदले गेले आहेत, पण विरळा. दमा असलेल्यांनी जास्त जपावं हे आलंच. पण मला दमा नाही, मी धूम्रपान करत नाही आणि तेव्हा वयाच्या पस्तिशीत होतो, तेव्हा धडधाकटांनीही निश्चिंत राहू नये.

त्रास व्हायला लागला तर लगेच काय करायचं?

स्प्रे ठेवा, खोलीबाहेर पडा, मोकळ्या हवेत बसा. कपड्यांना वास असेल तर बदला. धावपळ, जिने नको. घरात ऑक्सिमीटर असेल (करोनानंतर बऱ्याच घरांत तो ड्रॉवरमध्ये पडलेला असतो) तर लावा. आकडा ९४ च्या खाली गेला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ निळसर दिसले किंवा खोकला थांबेचना, तर १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा नि:शुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

कॅन सोबत न्या. निदान त्याच्या मागच्या बाजूचा फोटो तरी घ्या. डॉक्टरांना स्वतःहून सांगा: काय फवारलं, किती, किती वाजता, खोली केवढी. यावर उतारा असं काही औषध नाही, उपचार म्हणजे ऑक्सिजन आणि देखरेख. पण फवारणीची गोष्ट कळली तर नको ती अँटिबायोटिक्स आणि नको तो गोंधळ टळतो.

सौम्य त्रास होऊन थांबला, तरी पुढचा एक दिवस कोणीतरी तुमच्यावर लक्ष ठेवून असावं.

गूळ खाल्ला किंवा वाफ घेतली तर?

गूळ हा प्रश्न दर वर्षी येतोच. धुळीत, गिरणीत काम करणाऱ्यांना गूळ द्यायची आपल्याकडची जुनी पद्धत. गूळ गोड लागतो, खा. पण तो अन्ननलिकेने पोटात जातो आणि स्प्रे गेलाय फुप्फुसात. दूध, तूप, हळद यांचंही तेच. वाफेने घसा मोकळा वाटेल, पण वायुकोशातला थर दुरुस्त होत नाही. या उपायांत तास गेले तर तोटा तुमचाच.

बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून केलं तर?

नको. एक्झॉस्ट बहुधा वर असतो, तुम्ही खाली उकिडवे बसलेले. धुकं वर जाताना तुमच्या तोंडावरूनच जातं. आणि आपली बाथरूमं असतात केवढी?

ड्राय बाल्कनीत?

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली ड्राय बाल्कनी म्हणजे तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला ग्रिल, वर कपड्यांची दोरी आणि कोपऱ्यात वॉशिंग मशीन. नावाला बाल्कनी. वारा आत येतो, भिंतीवर आपटतो आणि तुमच्याकडेच वळतो. शिवाय तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं.

गच्ची, अंगण किंवा सोसायटीचं मोकळं पार्किंग (बेसमेंटमधलं नव्हे) हीच जागा. वारा पाठीवर घ्या. जूनमध्ये आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा तोंड पूर्वेला. वस्तू हाताच्या अंतरावर, कमरेच्या खाली. दोन झटके, बाजूला व्हा, मग पुढचे दोन. फवारलेली वस्तू पूर्ण सुकेपर्यंत घरात आणू नका. आणि हे काम मेमध्येच उरका. पाऊस लागला की खिडक्या बंद होतात आणि माणूस बाथरूमकडे वळतो. मी वळलो होतो.

मास्क लावला की झालं ना?

कापडी आणि सर्जिकल मास्कचा इथे काही उपयोग नाही. नीट बसलेला एन-९५ कण बऱ्यापैकी अडवतो, पण द्रावकाची वाफ त्यातून आरपार जाते. दोन्ही अडवायचं तर रंगारी वापरतात तसा, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि कणांचं फिल्टर असलेला रबरी मास्क लागतो. बुटाच्या एका जोडीसाठी कोण घेणार? म्हणून जागा आधी, मास्क नंतर. दाढीवर कुठलाच मास्क नीट बसत नाही, हे ट्रेकर मंडळींना मुद्दाम सांगतो.

वास गेला म्हणजे हवा साफ झाली?

नाही. वास द्रावकाचा. ते उडून पातळ झालं तरी कण तरंगत असू शकतात. वर तीन तासांचा आकडा दिलाय तो बघा. ‘वास येत नाही’ म्हणून विकले जाणारे स्प्रेही याच कारणासाठी निर्धास्त नाहीत.

फवारल्यावर सिगारेट? आणि बाथरूममध्ये गॅस गीझर आहे.

सिगारेटचं जळतं टोक ८०० अंशांच्या वर तापतं. हवेतले किंवा बोटांना लागलेले फ्लोरोपॉलिमरचे कण त्यात गेले की जळून वेगळेच, जास्त त्रासदायक वायू होतात. त्यातून येणाऱ्या तापाला ‘पॉलिमर फ्यूम फीवर’ असं नाव आहे. काम झाल्यावर हात धुवा, आणि त्या जागी विडी-सिगारेट नको.

गीझरचं उत्तर तर आणखी सरळ आहे. कॅनमधला वायू शेगडीच्या गॅससारखाच पेटतो. बंद बाथरूम, भरलेला वायू, कोणीतरी बाहेर नळ सोडला आणि गीझरने ठिणगी टाकली. बूट राहू द्या, घर सांभाळा. देवघरातला दिवा, उदबत्ती, बूट वाळवायला लावलेला हेअर ड्रायर, सगळ्यांना हाच नियम.

‘पीएफसी-फ्री’ लिहिलेला घेतला तर सुरक्षित?

म्हणजे फ्लोरिनयुक्त रसायन नसलेला. पर्यावरणासाठी चांगलं. फुप्फुसासाठी ती हमी नाही. पाणी झटकणारा थर फ्लोरिनचा असो की सिलिकॉनचा, बारीक धुकं होऊन आत गेला तर सर्फॅक्टंट बिघडवू शकतो. लेबलवर पान-फुलं छापलेली असली तरी फवारायचं गच्चीवरच.

हे तेच ‘कायमचं रसायन’ ना? कॅन्सर होतो का?

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. वर सांगितलेला त्रास तात्काळचा, एका संध्याकाळचा. पीएफएएस या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या मोठ्या कुळातली काही रसायनं शरीरात वर्षानुवर्षं राहतात, हा दुसरा प्रश्न. त्यांपैकी पीएफओए हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलं. टिकाऊ घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात त्याच कुळातल्या पीएफओएसवर २००९ मध्ये आणि पीएफओएवर २०१९ मध्ये निर्बंध आले. सामान्य माणसाच्या शरीरात ही रसायनं मुख्यतः पाण्या-अन्नातून जातात. वर्षातून एकदा बुटाला स्प्रे मारणाऱ्याने कॅन्सरच्या चिंतेने झोप उडवून घेऊ नये. त्या संध्याकाळी कुठे उभं राहायचं, याची चिंता करावी.

घरात लहान मूल आहे, पोपटही आहे.

दोघांनाही काम संपून वस्तू सुकेपर्यंत लांब ठेवा. मूल तुमच्यापेक्षा भरभर श्वास घेतं आणि त्याचं नाक जमिनीच्या, म्हणजे खाली बसणाऱ्या कणांच्या जवळ असतं. पक्ष्यांची फुप्फुसं तर फारच नाजूक. जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, हे पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे.

टाइल्सवर, दगडावर स्प्रे मशीनने सीलर मारणाऱ्या कारागिरांचं काय?

त्यांना धोका आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. आपण अर्धा कॅन मारतो, ते दिवसभर मारतात, आणि मशीन हवेच्या दाबावर चालत असेल तर धुकं आणखी बारीक. स्वित्झर्लंडमध्ये त्याच काळात टाइल्सवर फवारणी करणारे कामगारही आजारी पडले होते. घरी काम करून घेत असाल तर ठेकेदाराला एवढंच सांगा: फवारू नका, ब्रशने किंवा रोलरने लावा. वेळ जास्त लागेल, थोडे पैसेही जास्त मागेल. द्या. ‘आम्हाला सवय आहे, साहेब’ या उत्तरावर जाऊ नका, वायुकोशांना सवय होत नाही.

कुठे यावर कायदा आहे का?

युरोपीय संघाने केलाय, तोही नेमका. डेन्मार्कच्या पुढाकाराने एका विशिष्ट फ्लोरोसिलेन गटाचे (फ्लोरिन आणि सिलिकॉन दोन्ही असलेली रसायनं), सेंद्रिय द्रावकात मिसळलेले स्प्रे सर्वसामान्य ग्राहकांना विकायला २ जानेवारी २०२१ पासून तिथे बंदी आहे. फवारणीवर बंदी आहे, पुसून लावण्यावर नाही, हे त्यातलं शहाणपण. आपण ऑनलाइन मागवलेला कॅन कुठून कुठे फिरत आलाय हे मात्र बघून घ्यावं. लेबलच नसेल तर परत पाठवावा.

मग बूट भिजू द्यायचे?

सह्याद्रीत जुलैमध्ये बूट भिजणारच. देवकुंडच्या वाटेवर ओढ्यात घोट्यापर्यंत पाय बुडाला की कुठला स्प्रे काय करणार? पाणी वरून, घोट्याकडून आत येतं.

तरीही काही लावायचंच असेल तर कातडी बुटांना मेणाचं पॉलिश फडक्याने चोळा. कापडी सॅक-जाकिटासाठी धुताना पाण्यात घालायचं किंवा स्पंजने लावायचं द्रव मिळतं, ते घ्या. हवेत धुकं नाही, म्हणजे श्वासात काही जाणं जवळजवळ नाही. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, वर कव्हर, झालं. आमच्या गटातले एक काका अजून पावसात घोंगडी घेऊन येतात. लोकरीतल्या नैसर्गिक मेणाने पाणी बराच वेळ वरच राहतं. भिजली की वजन मणभर होतं आणि बसमध्ये शेजारी कोणी बसत नाही, एवढाच तिचा त्रास.

उरलेला अर्धा कॅन आहे, काय करू?

उन्हात, गाडीत किंवा गॅसजवळ ठेवू नका. रिकामा वाटला तरी भोक पाडू नका, जाळू नका. माझा तो कॅन मी त्या रात्रीनंतर गच्चीवर नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून, जुन्या छत्रीवर संपवला. सुका कचरा नेणाऱ्या मावशींना ‘स्प्रेचा डबा आहे, वेगळा ठेवा’ असं सांगून हातात दिला.